डिस्लेक्सिया आणि पायरीपायरीने वाचन शिकवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनात अडणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवते आहे. पालक आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, पेचाचे नंतर. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. डिस्लेक्सिया म्हणजे नेमकं काय?

लिहिलेला शब्द पटकन आणि अचूक ओळखता न येणं, आणि ही अडचण नेहमीच्या शिकवण्याने न हटणं. मूल नीट ऐकतं, बोलतं, गोष्ट सांगितली की त्याला सगळी कळते. तीच गोष्ट कागदावर समोर आली की शब्दाशब्दाला ठेच लागते. शुद्धलेखनही डळमळीत असतं.

याच्या मुळाशी बहुतेक वेळा ध्वनींची अडचण असते. ‘कान’ हा शब्द आपल्या कानावर एकसंध पडतो. वाचायला शिकताना मात्र त्यातले क्, आ, न् हे तुकडे वेगवेगळे जाणवावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याची कागदावरच्या खुणेशी गाठ मारावी लागते. या मुलांच्या गाठी सावकाश बसतात आणि लवकर सुटतात.

प्रमाण साधारण ५ ते १० टक्के धरलं जातं. नेमका आकडा रेघ कुठे ओढता त्यावर ठरतो, कारण डिस्लेक्सिया रक्तदाबासारखा आहे. कमी-जास्त अशा चढत्या पट्टीवर तो असतो, ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोन खोल्या नसतात.

२. हा डोळ्यांचा दोष आहे का?

नाही. तसं वाटण्याला इतिहास कारणीभूत आहे. पहिली निरीक्षणं डॉक्टरांची, आणि त्यातही नेत्रतज्ज्ञांची होती. १८७७ मध्ये जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी ‘शब्दांधत्व’ ही संज्ञा वापरली. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रूडॉल्फ बर्लिन यांनी रूढ केला. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. मुलगा चुणचुणीत, अंकांची समज चांगली, पण साधे शब्द वाचता येईनात. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. आज एकशेतीस वर्षांनंतरही मला पालकांकडून जवळपास हेच वाक्य ऐकू येतं.

डोळे तपासून घ्यावेत हे खरंच, कारण चष्म्याची गरज असलेलं मूलही वाचायला कंटाळतं. पण चष्मा लागला आणि वाचन तसंच अडलं, तर कारण डोळ्यांच्या मागे शोधायचं असतं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे डोळे ओळीवर मागेपुढे जास्त फिरतात, हे खरं आहे. पण तो वाचता न येण्याचा परिणाम आहे. त्याच मुलाला त्याच्या पातळीचा सोपा मजकूर दिला की डोळ्यांची ही धावपळ कमी होते.

३. म्हणजे बुद्धी कमी असते का?

नाही. बुद्धी आणि शब्द ओळखण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्लेक्सिया अतिशय तल्लख मुलांत असतो, सर्वसाधारण बुद्धीच्या मुलांत असतो आणि कमी गतीने शिकणाऱ्या मुलांतही असतो.

पूर्वी बुद्ध्यांक आणि वाचन यांत मोठी तफावत असेल तरच निदान करत. ही अट आता बऱ्याच ठिकाणी सोडून दिली आहे. तफावत असो वा नसो, शब्द वाचण्यातली अडचण एकाच जातीची असते आणि मदतही तीच लागू पडते, असं अभ्यासांत दिसत गेलं.

उलट्या टोकाचा समजही मला खटकतो. ‘ही मुलं म्हणजे छुपी प्रतिभावंतच’ असं म्हणून मुलावर नवं ओझं टाकू नये. काही मुलांत खास गुण असतात, काहींत नसतात, इतर मुलांसारखेच.

४. मुलगी ‘घ’ला ‘ध’ आणि ‘भ’ला ‘म’ वाचते. म्हणजे डिस्लेक्सियाच ना?

तेवढ्यावरून नाही. वाचायला शिकण्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी सगळीच मुलं अशी गल्लत करतात. घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व-क या जोड्यांत फरक आहे तो एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा. त्यातून घ आणि ध, ब आणि व हे उच्चारानेही जवळचे, त्यामुळे घोळ दुप्पट होतो.

बरोबरीच्या मुलांची गल्लत थांबली आणि हिची वर्ष-दीड वर्ष शिकवूनही थांबत नाही, तर लक्ष द्यायला हवं. सारखी दिसणारी दोन अक्षरं एकाच आठवड्यात शिकवूही नयेत. ‘भ’ हात आणि डोळे झोपेतही ओळखतील इतका पक्का झाला, की मगच ‘म’ समोर आणावा.

५. मराठी तर बोलतो तशीच लिहितो. मग मराठीत डिस्लेक्सिया कसा असेल?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

डिस्लेक्सिया प्रत्येक भाषेत असतो. तो दिसतो वेगळा, इतकंच. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांची सांगड फार वेडीवाकडी आहे, म्हणून तिथे मूल चुका करत वाचतं. इटालियन किंवा फिनिश यांसारख्या सरळ लेखनाच्या भाषांत चुका कमी होतात, पण वाचन कमालीचं सावकाश आणि दमवणारं असतं.

मराठी इंग्रजीच्या मानाने सरळ आहेच. पण ‘बोलतो तशीच लिहितो’ हे म्हणणारी व्यक्ती कित्येक वर्षं अस्खलित वाचत असते, तिला खाचखळगे दिसेनासे झालेले असतात. सहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा.

पहिली गोष्ट खुणांच्या संख्येची. चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बाराखडी केली, की चारशेच्या वर आकृत्या होतात. जोडाक्षरं वेगळीच. कन्नड वाचणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी काम केलं आहे. तिथली लिपी वळणाने वेगळी असली तरी रचना देवनागरीसारखीच आहे. अक्षरांचा सगळा पसारा पक्का व्हायला मुलांना अनेक वर्षं लागतात, असं त्यात दिसलं. सव्वीस अक्षरांच्या लिपीशी तुलना करून ‘अजून अक्षरं येत नाहीत?’ असं मुलाला म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. ‘कि’ म्हणताना आधी क् आणि मग इ ऐकू येते, पण वेलांटी लिहायची आधी. ‘सूर्य’ म्हणताना र् हा य च्या आधी उच्चारतो, पण रफार बसतो य च्या डोक्यावर. माझ्याकडचा एक मुलगा ‘दुर्गा’ लिहिताना रफार न चुकता ‘दु’वर द्यायचा. त्याचा कान अगदी बरोबर होता, दु च्या लगेच नंतरच र् येतो. हाताने कुठे वळायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट, न लिहिलेलं वाचायचं आणि लिहिलेलं गिळायचं. ‘कमळ’मधल्या तिन्ही अक्षरांत अ दडलेला आहे, पण शेवटचा उच्चारत नाही. एकच अनुस्वार ‘अंगण’मध्ये ङ् होतो, ‘अंत’मध्ये न् आणि ‘आंबा’मध्ये म्. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे, ‘जन्म’मधला ज आणि ‘जर’मधला ज वेगळे. र तर ट्र, प्र, र्य आणि ऱ्या अशी चार रूपं घेतो.

बहुतेक मुलं हे सगळं वाचता वाचता, न सांगता उचलतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला यातली एकेक गोष्ट उघड करून दाखवावी लागते.

६. शाळेत जाण्याआधी काही खुणा दिसतात का?

दिसतात, पण एकट्यादुकट्या खुणेवरून घाबरू नका. बोलायला उशिरा लागणं, लांब शब्दांतले ध्वनी उलटेपालटे करणं, बडबडगीतांतलं यमक लक्षात न येणं, रंगांची किंवा वारांची नावं माहीत असूनही ऐन वेळी ओठांवर न येणं, या त्या खुणा.

आई-वडिलांपैकी कुणाला किंवा सख्ख्या भावंडाला वाचनाची अडचण असेल तर हे सगळं अधिक गांभीर्याने घ्यावं. डिस्लेक्सियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पालकांपैकी एकाला तो असेल, तर मुलात येण्याची शक्यता साधारण चाळीस ते पन्नास टक्के असते. ‘मलाही लहानपणी वाचायचा कंटाळा यायचा’ असं एखादे वडील सहज बोलून जातात, तेव्हा मी ते वाक्य लिहून ठेवते.

७. ‘थांबा, मोठा झाला की येईल’ असं सगळे म्हणतात. थांबावं का?

थांबू नये. बोलणं मुलाला आपोआप येतं, वाचणं येत नाही. वाचन ही माणसाने अलीकडे शोधलेली युक्ती आहे, मेंदूत तिच्यासाठी तयार जागा नसते. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास देहाएन यांनी मेंदूच्या डाव्या बाजूच्या अशा एका भागाचा बराच अभ्यास केला आहे, जो वाचायला शिकल्यावरच लिखित शब्दांसाठी तयार होतो. शिकवणं आणि सराव यांनीच तो घडतो. नुसतं वय वाढून तो घडत नाही.

थांबण्याचा दुसरा तोटा मोठा आहे. वाचता येणारं मूल जास्त वाचतं, त्याचे शब्द वाढतात, मग वाचन आणखी सोपं होतं. अडणारं मूल वाचन टाळतं आणि दरी रुंदावत जाते. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हे चक्र मांडलं. पहिलीत जी दरी काही आठवड्यांच्या मदतीने भरली असती, ती पाचवीत दोन-तीन वर्षांची झालेली असते.

आणि समजा तुमची शंका चुकीची निघाली, तर काय बिघडलं? मुलाला थोडं जास्त नीट वाचायला शिकवलं गेलं.

८. रचनाबद्ध वाचनशिक्षण म्हणजे काय? ही एखादी ठरावीक पद्धत आहे का?

एक पद्धत नाही, शिकवण्याची एक रीत आहे. १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून तिची सुरुवात झाली. पुढे अनेकांनी आपापले अभ्यासक्रम बनवले. २०१४ च्या सुमारास इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशनने या सगळ्यांना मिळून ‘स्ट्रक्चर्ड लिटरसी’ हे नाव दिलं, तेच आपण मराठीत ‘रचनाबद्ध’ म्हणून वापरतो.

रीत अशी. काहीही गृहीत धरायचं नाही, जे शिकवायचं ते स्पष्ट शब्दांत सांगायचं आणि करून दाखवायचं. सोप्याकडून अवघडाकडे ठरलेल्या क्रमाने जायचं. आधीचं पुन्हापुन्हा उजळायचं. मुलाने नेमकं काय चुकवलं ते टिपून पुढचा पाठ त्यावर बेतायचा.

मराठीत याचा अर्थ असा, की ‘क’ ते ‘ज्ञ’ आणि मग सगळी बाराखडी असा प्रवास करायचा नाही. त्यात मूल महिनोन्‌महिने एकही शब्द वाचत नाही. त्याऐवजी वापरात जास्त असणारी आणि दिसायला वेगळी अशी पाच-सहा अक्षरं घ्यायची, त्यांत काना मिसळायचा आणि पहिल्याच आठवड्यात शब्द वाचायला लावायचे. क, न, म, र, ल आणि काना एवढ्यावर कान, नाक, मान, राम, लाल, कमल, कमान इतके शब्द वाचता येतात. आपण खरंच वाचतो आहोत हे मुलाला पहिल्या दिवसापासून कळलं पाहिजे.

९. ध्वनिजाणीव आणि फोनिक्स एकच का?

नाही. ध्वनिजाणीव डोळे मिटूनही तपासता येते. ‘कमळ’मधून ‘क’ काढ, काय उरलं? मळ. ‘पान’मधला प् काढून क् घाल. कान. यात कागद लागतच नाही. फोनिक्स म्हणजे हे ध्वनी खुणांशी जोडायला शिकवणं.

मराठी मुलाला अक्षराच्या पातळीवरचे खेळ लवकर जमतात, कारण लिपीच अक्षराक्षराने चालते. ‘कमळ’मधून ‘क’ काढणं सोपं. ‘की’मधून क् काढून ई सांगणं अवघड. मात्रा आणि जोडाक्षरं पक्की व्हायची तर ही दुसरी पायरीही चढावी लागते.

नुसते तोंडी खेळ महिनोन्‌महिने खेळू नयेत. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने २००० साली तेव्हापर्यंतचे अभ्यास तपासले, तेव्हा ध्वनींचा सराव अक्षरं हाताशी ठेवून केला तर जास्त फळतो, असं दिसलं.

१०. असा एक तास प्रत्यक्षात कसा चालतो?

माझ्याकडचा तिसरीतला एक मुलगा घेऊ. चाळीस मिनिटं.

सुरुवातीला मागच्या अक्षरांची कार्डं. मी दाखवते, तो ध्वनी सांगतो. मग उलट, मी ध्वनी म्हणते, तो लिहितो. ही दुसरी बाजू बरेच जण गाळतात, पण लिहिताना कच्चेपणा लगेच उघडा पडतो.

मग आजचा नवा मुद्दा, रफार. मी ‘सूर्य’ म्हणते. तो बोटांवर ध्वनी मोजतो: स्, ऊ, र्, य्, अ. प्रत्येक ध्वनीला एक सोंगटी. तिसऱ्या सोंगटीवर बोट ठेवून मी सांगते, “हा र् एकटा आहे, याच्याजवळ स्वर नाही. म्हणून तो उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो.” तो सोंगटी उचलतो आणि य च्या सोंगटीवर ठेवतो. मग लिहितो. सूर्य, पर्वत, दुर्गा, मार्ग. ‘प्रकाश’ आज मुद्दाम नाही. तो र वेगळा आहे, पुढच्या आठवड्यात.

त्यानंतर शिकलेल्याच खुणा असलेली सहा-सात वाक्यं. ‘मार्ग’ला ‘मारग’ म्हणाला, तर मी शब्द सांगत नाही. र च्या खुणेवर पेन्सिल टेकवते आणि थांबते. त्याला पुन्हा बघायला वेळ देते.

शेवटची दहा मिनिटं मी वाचून दाखवते आणि आम्ही गप्पा मारतो. पुस्तक त्याच्या वयाचं, त्याच्या वाचनाच्या पातळीचं नाही. त्याची भाषा आणि माहिती वाढत राहायला हवी, वाचन मागे आहे म्हणून ती अडकून पडू नये.

११. चित्र बघून, संदर्भावरून अंदाज करायला शिकवलं तर काय हरकत आहे?

मुलगा ‘त्याने दार उघडले’ हे वाक्य ‘त्याने दरवाजा उघडला’ असं वाचतो. अर्थ बरोबर, म्हणून आपण मान डोलावतो. पण त्याने ‘दार’ वाचलाच नाही. द दिसला आणि उरलेलं मनाने भरलं. ‘उघडला’ हेही त्याने दरवाज्याला जुळवून घेतलं, कागदावर तसं नाही.

वाचन म्हणजे अंदाजाचा खेळ, ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पुढे आली आणि खूप पसरली. डोळ्यांच्या हालचालींच्या अभ्यासांनी वेगळंच दाखवलं. तरबेज वाचक जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर नजर टेकवतो आणि त्यातली अक्षरं पाहतो. अंदाजावर विसंबतो तो कच्चा वाचक, कारण त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो. चौथी-पाचवीत चित्रं गेली आणि अनोळखी शब्द वाढले, की तो मार्गही बंद होतो.

संदर्भाचं काम उच्चारल्यानंतरचं. शब्द वाचून झाला, आता वाक्यात बसतो का ते बघ.

१२. बरोबर वाचतो, पण फार हळू. आता काय?

मराठीत हे फार आढळतं (का, ते प्रश्न ५ मध्ये). चुका नाहीत म्हणून शाळेत कुणाचं लक्ष जात नाही. पण एक ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

वेग येतो तो शब्द एका नजरेत ओळखता येण्यातून. लिनिया एरी यांच्या संशोधनाने दाखवलं की असा शब्द चित्रासारखा पाठ होत नसतो. त्यातला प्रत्येक ध्वनी खुणेशी जोडला गेला, की तो स्मृतीत रुजतो. बहुतेक मुलांना चार-सहा वेळा नीट उकलून वाचल्यावर शब्द ओळखीचा होतो. या मुलांना तो त्याच्या कितीतरी पट वेळा वाचावा लागतो. म्हणून छोटा, शंभर-दीडशे शब्दांचा उतारा तीन-चार दिवस पुन्हापुन्हा मोठ्याने वाचून घ्या. पहिल्यांदा तुम्ही वाचा, मग सोबत, मग तो एकटा.

लांब शब्दांसाठी तुकडे करायला शिकवा. ‘मुलांबरोबरच’ हा डोंगर आहे. ‘मुलां’, ‘बरोबर’, ‘च’ या तीन पायऱ्या आहेत. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, ती ओळखता आली की निम्मी लढाई सरते.

काही मुलांत नावं भराभर आठवण्याचा वेगच मुळात कमी असतो. ओळखीच्या वस्तूंच्या रांगेची नावं म्हणायलाही त्यांना वेळ लागतो. सरावाने त्यांचं वाचन सुधारतं, पण संथपणा थोडा राहतो. त्यांच्यापुढे घड्याळ धरून स्पर्धा लावू नका.

१३. आमची मुलगी भरभर वाचते, पण काहीच समजत नाही. हा डिस्लेक्सिया का?

बहुधा नाही. १९८६ मध्ये गफ आणि टनमर यांनी एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं = शब्दांची उकल × भाषेची समज. हा गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. डिस्लेक्सियात पहिली बाजू लंगडी असते. तुमच्या मुलीची दुसरी असावी.

ताडून पाहायला तोच उतारा तुम्ही तिला वाचून दाखवा. ऐकूनही कळत नसेल, तर अडचण भाषेची, शब्दसंग्रहाची किंवा लक्ष देण्याची आहे. अशा वेळी वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवा. तिला अक्षरांचे धडे देऊन उपयोग नाही.

१४. वाळूत अक्षर गिरवणं, हवेत लिहिणं याने खरंच फरक पडतो का?

मी करून घेते, मुलांना आवडतं, लक्ष टिकतं. पण वाळूमुळेच वाचन सुधारतं, असं संशोधनात ठामपणे दिसलेलं नाही. उपयोगी पडतो तो स्पष्ट क्रम आणि सराव. गिरवताना मूल त्या अक्षराचा ध्वनी मोठ्याने म्हणत नसेल, तर त्या वेळात फक्त चित्रकला झाली.

१५. खास फॉन्ट, रंगीत काचा, तोल सांभाळायचे व्यायाम?

यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं, की रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सियावर उपचार होतो याला पुरेसा आधार नाही. खास फॉन्टचा फायदाही अभ्यासांत दिसलेला नाही. अक्षर मोठं आणि ओळींत मोकळी जागा असेल तर बऱ्याच मुलांना बरं वाटतं, ते कुठल्याही फॉन्टमध्ये करता येतं.

पैशापेक्षा मला वेळेचं वाईट वाटतं. सहा महिने काचांची वाट बघण्यात गेले, की प्रश्न ७ मधली दरी तेवढी वाढते.

१६. किती दिवस लागतील? घरी किती वेळ द्यावा?

आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी. पहिली-दुसरीत सुरुवात झाली तर काही महिन्यांत फरक दिसतो. उशिरा सुरू केलं तर दोन-तीन वर्षं धरून चला.

घरी शिक्षक होऊ नका. दिवसभर शाळेत झगडून आलेलं मूल घरीही परीक्षेला बसलं, तर ते तुमच्यापासून तुटतं. ठरलेला छोटा सराव, आणि मग त्याला काहीतरी छान वाचून दाखवा.

१७. दोन भाषांचं ओझं होतंय. एक बंद करावी का?

बोलण्यातली कुठलीही भाषा बंद करू नका, त्याने डिस्लेक्सिया कमी होत नाही. वाचनाचं मात्र एक पक्कं करून दुसरं जोरात सुरू करणं सोयीचं पडतं, आणि ज्या भाषेत मूल विचार करतं तिथून सुरुवात सोपी जाते. ध्वनी सुटे करण्याची हातोटी एका भाषेत आली की दुसरीत कामी येते. खुणा आणि नियम मात्र नव्याने शिकवावे लागतात.

‘मराठी ठीक वाचतो, इंग्रजीत पार कोलमडतो, म्हणजे डिस्लेक्सिया नाही ना?’ असाही प्रश्न येतो. असू शकतो. १९९९ मध्ये टाएको वायडेल आणि ब्रायन बटरवर्थ यांनी जपानी आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या एका मुलाबद्दल लिहिलं. तो जपानी उत्तम वाचायचा आणि इंग्रजीत त्याला डिस्लेक्सिया होता. मूळ कमजोरी एकच, पण अवघड लेखनपद्धतीत ती उघडी पडते. म्हणून दोन्ही भाषांत तपासणी व्हावी, आणि मराठीत नुसत्या चुका न मोजता वेगही मोजावा.

१८. ऑडिओबुक, लेखनिक, जादा वेळ दिला तर मूल आळशी होणार नाही का?

नाही. इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असतो. मुलाला उत्तर माहीत आहे आणि प्रश्न वाचण्यातच वेळ संपतो, तर त्या गुणांवरून इतिहास कळला की नाही हे समजतच नाही.

एकच अट. सवलत ही शिकवण्याच्या जोडीला असावी, बदल्यात नको. ‘लेखनिक मिळाला, आता वाचन शिकवायची गरज नाही’ असं ठरवून टाकलेली मुलं मी पाहिली आहेत. पुढे त्यांना साधा अर्जही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. ऑडिओबुक ऐकताना पुस्तक समोर उघडं ठेवलं तर आणखी चांगलं.

१९. वाचन सुधारलं, शुद्धलेखन मात्र तसंच. का?

ओळखणं सोपं, आठवून उभं करणं कठीण. चेहरा ओळखता येतो, पण तोच चेहरा काढता येत नाही, तसं. वाचन सुधारल्यावरही शुद्धलेखन बराच काळ मागे राहतं.

शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावू नका. नियम दाखवा. ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘फूल’ पण ‘फुलांचा’, ‘जीभ’ पण ‘जिभेला’: प्रत्यय लागला की अशा शब्दांतला दीर्घ ऱ्हस्व होतो. एका नियमात कित्येक शब्द सुटतात. या मुलांना नियम आवडतात, त्यांना धरायला काहीतरी मिळतं.

अक्षर काढतानाच हात दुखत असेल, ओळ सुटत असेल, तर तो लेखनाचा वेगळा प्रश्न, डिसग्राफिया, असू शकतो. त्याची स्वतंत्र तपासणी लागते.

२०. मुलगी सातवीपर्यंत चांगले गुण मिळवत होती. आता अचानक अडखळते. या वयात डिस्लेक्सिया सुरू होतो का?

सुरू होत नाही, उघडा पडतो. अशी मुलं, विशेषतः शांत आणि कष्टाळू मुली, स्मरणशक्तीच्या जोरावर वर्षानुवर्षं निभावून नेतात. धडा ऐकून पाठ करतात, ओळखीच्या शब्दांवर तरून जातात. वर्गात गोंधळ घालत नाहीत, म्हणून त्यांना तपासणीला कुणी पाठवत नाही. मजकूर लांब आणि शब्द नवे झाले की जुनी शिडी अपुरी पडते.

नेहमीच्या चाचणीत त्यांना ‘सरासरी’ असा निकाल येऊ शकतो. तेव्हा दोन गोष्टी मागा: वेळ लावून केलेलं वाचन, आणि अर्थ नसलेल्या बनावट शब्दांचं वाचन, जसं ‘निर्फुकडा’. असा शब्द पाठ केलेला असूच शकत नाही, तो उकलूनच वाचावा लागतो. घरी अभ्यासाला किती तास लागतात, तेही तपासणाऱ्यांना सांगा. वर्गमैत्रिणी तासाभरात संपवतात ते तिला चार तास लागत असेल, तर गुणपत्रिकेत ते दिसणार नाही.

२१. मुलाला त्याचं निदान सांगावं का?

सांगावं, त्याच्या वयाच्या शब्दांत. त्याने स्वतःला बहुधा आधीच एक नाव दिलेलं असतं, ‘ढ’. त्यापेक्षा खरं नाव चांगलं. “तुझा मेंदू शब्दांतले ध्वनी सुटे करायला जास्त वेळ घेतो. म्हणून आपण ते वेगळ्या रीतीने शिकतोय.” एवढं पुरतं. प्रश्न तो स्वतः विचारेल, आणि कधी कधी दोन महिन्यांनी, भलत्याच वेळी विचारेल.

२२. डिस्लेक्सिया बरा होतो का? आणि मोठ्या माणसाला आता काही करता येईल का?

पूर्ण जात नाही, पण वाचन सुधारतं, आणि चांगलं शिकवल्यावर मेंदूतल्या वाचनाच्या जाळ्याचं काम बदललेलं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतं. थकवा असला किंवा अनोळखी मजकूर आला की जुनी अडचण डोकावते.

मोठ्या माणसांना हीच रीत चालते (प्रश्न ८ आणि १०), गती त्यांची आणि मजकूर त्यांच्या कामाचा. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवू नका. त्यांना रोज लागणारे फॉर्म, निरोप, कामावरच्या सूचना यांतलेच शब्द निवडा. पहिल्या भेटीत कुठे अडतं ते शोधा. बहुतेकांना सुटी अक्षरं येतात आणि जोडाक्षरांशी गाडी थांबते, तेव्हा सुरुवात तिथून करा.